गावच्या घरी ब्रॉडबँड: आधी तारेची वाट बघा, मग पॅक

ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, भिवंडीचा ग्रामीण भाग किंवा बदलापूरच्या पलीकडचा बारवी धरणाकडचा पट्टा, इथल्या कुठल्याही गावात इंटरनेट घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पॅक कुठला चांगला?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. ठाणे शहरातल्या इमारतीत तार डक्टमधून वर येते आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही. गावात मात्र फायबरच्या शेवटच्या डब्यापासून तुमच्या पडवीपर्यंत दोनशे, पाचशे, कधी हजार मीटर तार उघड्यावरून येते. ती सागाच्या फांद्यांमधून, बांधावरून, रस्त्याच्या डोक्यावरून जाते. ही वाट नीट निवडली तर साधा ३० एमबीपीएसचा पॅकही मुलांच्या क्लासला आणि घरून काम करायला पुरतो. वाट चुकली तर २०० एमबीपीएसचे पैसे भरूनही जून ते सप्टेंबर मोडेमवर लाल दिवा बघत बसायची वेळ येते.

गावात काय आलंय ते स्वतः फिरून बघा

जुन्या टेलिफोन रचनेत ठाणे शहर आणि नवी मुंबई एमटीएनएलकडे होती, ०२२ च्या कोडखाली. कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर हा सगळा भाग बीएसएनएलच्या कल्याण विभागात. त्यामुळे मुरबाडच्या कनेक्शनची चौकशी ठाण्याच्या ऑफिसात करून हाती काही लागत नाही. तालुक्याच्या एक्स्चेंजवर जायचं. शिवाय बीएसएनएलचं घरगुती फायबर बऱ्याच गावांत स्थानिक भागीदार चालवतो. बिल कंपनीचं, पण खांबावर चढणारा माणूस भागीदाराचा. हा भागीदार कोण, तो राहतो कुठे आणि त्याच्याकडे माणसं किती, हे एक्स्चेंजवर विचारून घ्या. फॉल्ट काढायला येणारा माणूस सरळगावला राहतो की कल्याणहून बाईक काढतो, यावर तुमचा एक दिवस की चार दिवस जाणार ते ठरतं.

दुसरा पर्याय गावातल्या केबलवाल्याचा. बरेचसे केबलवाले आता टीव्हीसोबत नेटही देतात. तिसरा पर्याय ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या भारतनेटचा. ही योजना २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळं म्हणून सुरू झाली आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने चालते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डबा दिसला म्हणजे लाइन चालू आहे, असं समजू नका. ग्रामसेवकांना किंवा डेटा ऑपरेटरला विचारून आतले दिवे बघा, डब्याला वीज आहे का ते बघा, आणि तिथून एखाद्या घरात कनेक्शन गेलेलं असेल तर त्या घरी जाऊन विचारा.

विचारायचं कसं, तेही महत्त्वाचं. "नेट कसं चालतं?" असं विचारलं तर "चांगलं चालतं" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. गेल्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं? सगळ्यात जास्त किती दिवस बंद होतं? गावाची लाइट गेली की नेट जातं का?

यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं कारण समजून घ्या. फायबरच्या खऱ्या जाळ्यात मुख्य केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये फक्त स्प्लिटर असतात. स्प्लिटर म्हणजे उजेड वाटून देणारा काचेचा फाटा, त्याला वीज लागत नाही. पण काही ठिकाणी जुन्या पद्धतीने खांबावरच्या पेटीत स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर बसवलेला असतो आणि तो विजेवर चालतो. तसं असेल तर तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही गावची लाइट गेली की नेट जाणारच. केबलवाल्याला सरळ विचारा, "केंद्रापासून माझ्या घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारी पेटी आहे का?"

वाट चालून बघणे

चपला नकोत, बूट घाला. हातात मोजपट्टी किंवा मोबाइलमधला नकाशा घ्या आणि जवळच्या फायबर डब्यापासून घरापर्यंत तार जिथून येईल त्याच वाटेने चाला. घरापासून डबा सरळ रेषेत ३०० मीटर असेल तर तार साधारण ४०० मीटर धरा. वळणं, खांबावर चढणं-उतरणं आणि राखीव गुंडाळी यात तेवढी जाते.

चालताना वहीत लिहायच्या गोष्टी: खांब किती आणि कुणाचे, दोन खांबांमधलं अंतर, रस्ता कुठे ओलांडावा लागतो, कुणाच्या जमिनीवरून जावं लागतं आणि कुठली झाडं आडवी येतात. एका खांबावरून दुसऱ्यावर घरगुती ड्रॉप केबल, म्हणजे डब्यापासून घरापर्यंत येणारी केबल, साधारण ४०-५० मीटरपर्यंत ताणता येते. त्याहून लांब गाळा असेल तर मध्ये खांब हवा, नाहीतर वाऱ्यात केबल झोके घेते आणि क्लॅम्पजवळ आतली काच हळूहळू थकते.

महावितरणच्या खांबावरून केबल नेण्याबद्दल स्पष्टच लिहितो. परवानगीशिवाय तिथे केबल बांधता येत नाही आणि महावितरणचा लाइनमन ती कधीही कापून टाकू शकतो. पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. बऱ्याच ड्रॉप केबलच्या कडेला आधारासाठी एक स्टीलची तार असते. ती तार कुठे उघड्या विजेच्या तारेला टेकली तर करंट थेट घराच्या भिंतीपर्यंत येतो. त्यामुळे तीन गोष्टी पक्क्या ठरवा. विजेच्या खांबावर तुम्ही स्वतः चढायचं नाही. परवानगी असलेल्या ऑपरेटरनेही केबल विजेच्या तारांच्या बरीच खालून न्यायची. आणि ती स्टीलची तार घराच्या बाहेरच क्लॅम्पमध्ये संपवायची. आत फक्त फायबरचा भाग यायचा. वायरमन घाईत अख्खी केबल तशीच आत घेतो. तिथे त्याला थांबवा.

केबल निवडता येत असेल तर घराजवळच्या शेवटच्या टप्प्यासाठी स्टीलऐवजी एफआरपीच्या काड्या असलेली, म्हणजे धातू नसलेली केबल मागा. वळवाच्या विजांमध्ये तिचा फायदा समजतो.

स्वतःचा खांब उभारायचा असेल तर बांबूवर जाऊ नका, तो पावसाळ्यांत तळाशी कुजतो. दोन इंची जीआय पाइप २० फुटांचा मिळतो. त्यातला साडेतीन फूट काँक्रीटमध्ये गाडला तर वर साडेसोळा फूट राहतो. अंगणासाठी ते पुरेसं आहे. रस्ता ओलांडायला नाही. भाताचा पेंढा किंवा गवत भरलेला ट्रक शिगेपर्यंत लादलेला असतो, आणि दर वर्षी सुगीनंतर केबली तुटतात त्या याच ट्रकांमुळे. रस्त्यावर केबलचा सगळ्यात खाली आलेला भाग २० फुटांवर हवा, म्हणजे खांब त्याहून उंच लागेल.

शेतातून न्यायची असेल तर

आपल्याकडच्या भातखाचरांत दोन वेळा केबल मरते. पहिली वेळ एप्रिल-मे महिन्यातली, राब भाजताना. पालापाचोळा, शेण, कवळ रचून पेटवतात त्या जागेपासून दहा फुटांवरून गेलेली काळी केबलसुद्धा वितळते, आणि वरून फक्त थोडी सुरकुतलेली दिसते. दुसरी वेळ जूनची, बांध लिंपताना. खेकड्यांची बिळं बुजवून बांधाला नवी माती चढवतात तेव्हा कुदळीचा एक घाव पुरतो. बांधाच्या मातीत केबल नुसती पुरून ठेवली असेल तर कामाला आलेल्या माणसाला ती दिसणारच नाही.

म्हणून शेतातून न्यायची असल्यास ३२ मिलीमीटरचा एचडीपीई पाइप टाका आणि केबल त्यातून ओढा. खाचराच्या मधून नेऊ नका. चिखलणीला पॉवर टिलर फिरतो. बांधापासून दीड-दोन फूट सोडून, गाडीवाटेच्या कडेने अडीच ते तीन फूट खोल चर काढा. ट्रॅक्टरचा नांगर फूटभर जातो, तेव्हा एवढी खोली सुरक्षित. पाइपखाली आणि वर चार बोटं वाळू टाका म्हणजे मुरमाचे टोकदार खडे टोचत नाहीत. वर लाल-पिवळी पट्टी अंथरा आणि दर ३० मीटरला दगडी खूण रोवा. पाइपात नायलॉनची दोरी आधीच टाकून ठेवा. केबल ओढून झाल्यावरही एक दोरी आत राहू द्या; पुन्हा केबल बदलावी लागली तर पाइप उकरायला नको. दोन्ही तोंडं नीट बंद करा, नाहीतर उंदीर आणि मुंग्या आत घर करतात.

दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर साध्या कागदावर का होईना, लेखी संमती घ्या. भावकीतली जमीन असली तरी घ्या, तिथे तर आधी घ्या. ग्रामपंचायतीच्या रस्त्यात खोदायचं असल्यास ग्रामपंचायतीची परवानगी लागते. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्याच्या बाजूला किंवा कुठल्याही वनजमिनीत वनखात्याच्या मंजुरीशिवाय खड्डा घेऊ नका. साधा तीन फुटांचा चरही तिथे गुन्हा ठरतो.

ऑपरेटरशी बोलताना

कागदपत्रं फार नाहीत. आधार, फोटो, मोबाइल नंबर आणि पत्त्याचा पुरावा. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर, कारण गावाकडे वीजबिल आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा दहा वर्षांपूर्वी गेलेले असतात. अशा वेळी घरपट्टीची चालू वर्षाची पावती किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला चालतो का, ते आधी विचारा.

पैशाच्या बाबतीत एवढं लेखी घ्या: जोडणीचा खर्च किती, किती मीटरपर्यंत केबल फुकट आणि पुढे मीटरला काय दर, ओएनटी, म्हणजे आपण ज्याला मोडेम म्हणतो तो डबा, तुमच्या मालकीचा की अनामत ठेवून दिलेला, किती महिन्यांचे पैसे आगाऊ, डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, आणि सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे की वरून लागणार. लांबच्या घराला खरा खर्च केबलचा असतो, महिन्याच्या बिलाचा नाही. आजूबाजूची तीन-चार घरं एकत्र गेली तर ऑपरेटर सहसा डबाच जवळ आणून देतो आणि प्रत्येकाची केबल पन्नास-शंभर मीटरवर येते. पाड्यावरच्या घरांसाठी याहून चांगला सौदा नाही.

ओएनटी बाहेरून स्वस्त मिळतो म्हणून घेऊन टाकू नका. फायबरवरून नेट देण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. बीएसएनएलसारख्या कंपन्या जीपॉन पद्धत वापरतात, बरेच केबलवाले ईपॉन. दोन्ही चालणारे एक्सपॉन डबे बाजारात असतात, पण तरीही तुमच्या डब्याचा अनुक्रमांक ऑपरेटरने आपल्या यंत्रणेत चढवल्याशिवाय तो चालू होत नाही. आधी विचारा, मग घ्या.

शेतघरात किंवा फार्महाउसवर कॅमेरे लावून ते मुंबईतून बघायचे असतील तर आणखी एक प्रश्न. बहुतेक ऑपरेटर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. अशा जोडणीवर बाहेरून थेट कॅमेऱ्याला जोडता येत नाही. कंपनीच्या क्लाउड ॲपवर चालणारा कॅमेरा घ्या, किंवा स्थिर आयपीसाठी वेगळे पैसे मोजा.

जोडणीचा दिवस

या दिवशी घरी थांबा, कुणा शेजाऱ्यावर सोपवू नका. केबल घराजवळच्या खांबावर आली की तिथे १०-१५ मीटरची गुंडाळी राखून ठेवायला सांगा, ताटाएवढ्या व्यासाची. पुढे कुठे तुटली तर ही गुंडाळी सोडून ओढता येते आणि एक जोड वाचतो. बांधायला काळे नायलॉन टाय वापरा. पांढरे टाय उन्हात वर्षभरात तुकडे होऊन पडतात. जीआय तारेने आवळून बांधलं तर काच दबते आणि उजेड कमी होतो.

भिंतीत भोक पाडताना ड्रिलचं टोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं राहू द्या, म्हणजे पाणी आत येणार नाही. भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. नंतर भोक सिलिकॉनने बुजवा. कौलारू घरात वायरमन सरळ कौल सरकवून केबल आत सोडतो. ते करू देऊ नका. पहिल्या पावसात तिथून गळतं आणि माळ्यावरचे उंदीर त्याच वाटेने केबलपर्यंत येतात. आतली केबल जाड पीव्हीसी पट्टीतून न्या.

टोक बसवण्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे, कारण पुढचे निम्मे फॉल्ट इथेच जन्मतात. काळं आवरण सोलल्यावर आत केसासारखा एक रंगीत धागा निघतो, पाव मिलीमीटर जाडीचा. त्यावरचा रंगीत थर काढला की उरते ती काच, १२५ मायक्रॉनची, आणि उजेड जातो तो तिच्या मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. आता बघा, वायरमन ही काच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसतो का. शर्टाला किंवा बोटांनी पुसली तर धूळ तिथेच राहते. मग तो ती क्लीव्हरमध्ये, म्हणजे काच सरळ छाटायच्या हत्यारात, ठेवून छाटतो. दाताने किंवा कटरने तोडलेली काच तिरकी तुटते. उडालेला तुकडा जमिनीवर पडू देऊ नका. चिकटपट्टीवर घ्या आणि पट्टी गुंडाळून टाका. तो तुकडा दिसत नाही, पायात शिरला तर काढताही येत नाही, आणि गावच्या घरात मुलं अनवाणी फिरतात.

जोडाचे दोन प्रकार. दोन काचा वितळवून एक करणारं स्प्लाइसिंग मशीन असेल तर जोडात ०.१ डीबीहून कमी उजेड जातो (डीबी म्हणजे उजेडाची घट मोजायचं माप). हाताने दाबून बसवायच्या फास्ट कनेक्टरमध्ये ०.३ ते ०.५ डीबी जातो, आणि नीट बसला नाही तर ३-४ डीबीसुद्धा. शक्य तिथे मशीनचाच आग्रह धरा. कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्यात निळा घातला तर तो आत बसतो, नेटही चालल्यासारखं वाटतं, पण उजेड भरपूर वाया जातो. केबलच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

एक आकडा जपून ठेवा

वायरमनकडे पॉवर मीटर असतो. ओएनटीला लावायच्या टोकावर किती डीबीएम, म्हणजे किती ताकदीचा उजेड, येतंय ते मोजायला सांगा आणि तारखेसह ओएनटीच्याच खाली मार्करने लिहून ठेवा. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ उत्तम. उणे २५-२६ म्हणजे काठावर. नेहमीच्या ओएनटीला उणे २७ च्या खाली उजेड दिसत नाही.

हा आकडा येतो कसा तेही कळू द्या. केंद्रातून साधारण अधिक ३ डीबीएम निघतं. वाटेत एकास आठचा एक स्प्लिटर १०.५ डीबी खातो, असे दोन असले तर २१. सहा किलोमीटर काचेत साधारण २, आणि जोड-कनेक्टर मिळून २. उरलं उणे २२. म्हणजे नीट केलेल्या कामात तुमच्या हातात पाच डीबीची शिल्लक आहे. एक कनेक्टर वाईट बसला, एक वळण बोटाएवढं आवळलं की ती शिल्लक संपते. मे महिन्यात उणे २६ वर नेट झकास चालतं. पहिल्या पावसात खांबावरच्या जोडात ओल शिरते, अजून दोन डीबी जातात आणि लाल दिवा लागतो. लोक म्हणतात पावसाने नेट गेलं. खरं तर जोडणीच्याच दिवशी ते काठावर होतं. उणे २५ च्या खाली आकडा आला तर सही करू नका, कनेक्टर पुन्हा बसवून घ्या.

वायरमन निघण्याआधी एवढं उरका. लॅन केबल थेट लॅपटॉपला लावून वेग तपासा, वायफायवर नको. १०० एमबीपीएसच्या पॅकवर ९०-९५ च्या पुढे जात नसेल तर ओएनटीचा पोर्टच १०० चा असेल. तेवढं चालेल, पण २०० चा पॅक घेतला असेल तर डबा बदलून मागा. पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरच्या जाळ्यात लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या. हे फार कमी लोक करतात. मग कधीतरी नेट अडलं की कुणीतरी टाचणीने मागचं रीसेटचं बटण दाबतं, सगळी मांडणी पुसली जाते आणि वायरमन येईपर्यंत हात बांधले जातात. बंद करून चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

वीज आणि विजा

ओएनटी-राउटर मिळून साधारण ८ वॅट खातात. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस त्यासाठी पुरतो, पण डब्यावरच्या एमएएचला भुलू नका. ८००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. त्यातले १५-२० टक्के रूपांतरात जातात. उरलेल्या २४-२५ वॅट-तासांवर तीन तास निघतात. दुपारी लाइट गेली की संध्याकाळीच येते अशा गावात याच्या दुप्पट घ्या किंवा घरच्या इन्व्हर्टरवर टाका. घेताना ॲडाप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची जाडी जुळवून घ्या.

मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे विजांचे दिवस. काचेतून वीज येत नाही. ती येते ॲडाप्टरच्या वाटेने आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या किंवा अँटेनाच्या लॅन केबलमधून. ढग गडगडायला लागले की दोन्ही काढा. घराला चांगलं अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्या. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय नुसता प्लास्टिकचा ठोकळा आहे.

वायफायचं थोडक्यात. डबा घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर ठेवा. पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवू नका. बहुतेक डबे ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात आणि मेमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. दगडी किंवा जाड मातीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झ पोचत नाही, तिथे २.४ वापरा. पडवीत किंवा मागच्या खोलीत नेट हवंच असेल तर वायफाय वाढवणारी यंत्रं घेण्याआधी एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. शुद्ध तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते आणि वाकवताना आतून तुटते.

फायबर आलंच नसेल तर

टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याशी किंवा डोळखांबकडच्या पाड्यांवर अजून अशी घरं आहेत. तिथे पहिला पर्याय ४जी-५जीवर चालणारा वायरलेस डबा. आधी दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर कुठे आहेत ते बघा. मग मोबाइलमधल्या सिग्नल दाखवणाऱ्या ॲपमध्ये आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, बघा, गच्चीवर, चारही कोपऱ्यांत. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं काम होईल, उणे ११० च्या खाली असेल तर पैसे घालू नका. खोलीत उणे ११२ आणि छपरावर उणे ९५, असं सहज आढळतं. तेव्हा बाहेरचा अँटेना असलेलाच डबा घ्या.

दुसरा पर्याय दोन डिश समोरासमोर लावून ५ गिगाहर्ट्‌झची लिंक. या पट्ट्यातल्या बऱ्याच लहरी २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. नुसतं समोरचं टोक दिसतंय एवढ्यावर भागत नाही. दोन किलोमीटरच्या लिंकला मध्यावर रेषेभोवती सगळ्या बाजूंनी किमान तीन मीटर मोकळी जागा लागते. आणि आपल्या भागातली हमखास चूक म्हणजे ही पाहणी मार्च-एप्रिलमध्ये करणं. तेव्हा साग उघडाबोडका असतो, पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसतो. जूनमध्ये त्याच सागाला पत्रावळीएवढी पानं फुटतात आणि ओल्या पानांतून सिग्नल जात नाही. पाहणी ऑगस्टमध्ये करा, किंवा उन्हाळ्यात केलीत तर झाडाच्या शेंड्याहून तीन मीटर वर जागा धरा.

अशी आणलेली लाइन पैसे घेऊन शेजाऱ्यांना वाटू नका, त्याला परवाना लागतो. गावातल्या दुकानदाराला वायफाय विकायचंच असेल तर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत तसं करता येतं. दुकानातल्या केंद्राला त्यात परवाना लागत नाही.

लाल दिवा लागला की

एलओएसचा लाल दिवा म्हणजे उजेडच येत नाही. बंद-चालू करून तो जात नाही. ओएनटीला मागून लागलेली पिवळी किंवा पांढरी छोटी फायबरची तार, म्हणजे पॅच कॉर्ड, कुठे दुमडली, कपाटाखाली चेपली, उंदराने कुरतडली का ते बघा. ती ठीक असेल तर बाहेर पडा आणि पहिल्या दिवशीच्याच वाटेने चाला. पडलेली फांदी, वानरांनी झोंबून खाली आणलेली केबल, जेसीबीने उकरलेली साइडपट्टी, नव्याने भाजलेला राब. तुटलेली जागा सापडली तर फोटो काढून खांबाच्या खुणेसह पाठवा. वायरमन नेमकं सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. टोकं हाताने पिळून जोडायला जाऊ नका, ती तांब्याची तार नाही.

पॉनचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर उजेड येतोय पण कमी किंवा अडखळत. तुमच्या डब्याखाली लिहिलेला आकडा तेव्हा उपयोगी पडतो. "जोडणीला उणे २१ होतं, आता मोजून सांगा," असं म्हटलं की समोरचा "मोडेम बंद करून चालू करा" यावर थांबत नाही. पॉन स्थिर हिरवा असूनही नेट नसेल तर रिचार्ज संपलाय किंवा पीपीपीओईची अडचण आहे, त्याला खांबावर चढायची गरज नाही.

तक्रार तोंडी सांगून सोडू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. वेळेत काम झालं नाही तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी तोच नंबर लागतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, एक सकाळ काढून केबलची सगळी वाट पुन्हा चाला. तुमच्या हद्दीतल्या फांद्या छाटा, पण विजेची तार जवळ असेल तर ते काम लाइनमनलाच करू द्या. तुटलेले टाय बदला, जोडाच्या डब्याचं झाकण बसलंय का ते खालून बघून ऑपरेटरला कळवा. बांध लिंपायला येणाऱ्या गड्याला पाइप कुठून गेलाय ते जागेवर नेऊन दाखवा.